व्हीआर हेडसेटचा पडदा आणि 'तिथे असल्याचा' भास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत बांधकाम चालू असलेल्या इमारतींचे व्हीआर (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे आभासी जग) वॉकथ्रू, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आत फिरून बघायची दृश्यं, तयार करणं हे आमचं रोजचं काम. त्यामुळे प्रश्न येतात ते बिल्डरच्या सेल्स ऑफिसातून, इंटिरियर करणाऱ्यांकडून, आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांकडून आणि घर बघायला आलेल्या कुटुंबांकडून. बहुतेकांची सुरुवात 'हेडसेट किती के आहे?', म्हणजे पडद्याचं रेझोल्यूशन, पिक्सेलांची संख्या किती, इथून होते. आम्हाला मात्र आधी दुसरंच सांगावं लागतं. आपण तिथे आहोत असं वाटणं वेगळं आणि तिथलं सगळं बरोबर मापात दिसणं वेगळं. पडद्याचा एखादा गुण पहिल्याला हातभार लावतो आणि दुसऱ्याला काहीच देत नाही. कधी कधी तर त्रासच वाढवतो.

'प्रेझेन्स' म्हणजे नेमकं काय?

हेडसेट घातल्यावर समोर विसाव्या मजल्यावरची कठडा नसलेली गच्ची दिसते. पायाखाली सेल्स ऑफिसचं कार्पेट आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, तरी पाऊल पुढे पडत नाही. ते पाऊल अडतं, तोच प्रेझेन्स.

मेल स्लेटर या संशोधकांनी २००९ मध्ये यात दोन धागे वेगळे केले आणि ती विभागणी आजही वापरली जाते. एक भास जागेचा: मी या ठिकाणी आहे. दुसरा घटनेचा: इथे जे चाललंय ते खरंच चाललंय. जागेचा भास मुख्यतः यंत्राच्या जोरावर उभा राहतो. मान वळवली, खाली वाकलं, टाचा उंचावून डोकावलं, की दृश्य त्याच क्षणी तसं बदललं पाहिजे. घटनेचा भास आशयावर अवलंबून. तुम्ही आभासी लॉबीत शिरलात आणि डेस्कमागच्या वॉचमनने मानही वर केली नाही, तर लॉबी खरी वाटत राहते, वॉचमन मात्र पुतळा होतो.

ही तर मनातली गोष्ट. मोजतात कशी?

प्रश्नावली भरून घेतात, पण माणसं विचारलं की बरंच काही सांगतात. म्हणून शरीराला विचारलेलं बरं. अमेरिकेत चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मायकेल मीहान आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. आभासी खोलीच्या मधोमध जमीनच नाही, खाली खोल खड्डा. लोक कडेला उभे राहिले की हृदयाचे ठोके किती वाढतात ते पाहिलं. सेकंदाला १५ फ्रेम, म्हणजे १५ चित्रं, दाखवण्याऐवजी ३० दाखवल्या तेव्हा ठोके जास्त वाढले. आणि पायाखाली खरोखरची, दीड इंच जाडीची लाकडी कड ठेवली तेव्हा आणखी वाढले.

आजच्या मानाने त्या प्रयोगातलं चित्र अगदी साधं होतं. तरी छाती धडधडली.

मग सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो? रेझोल्यूशनने ना?

नाही. जेम्स कमिंग्ज आणि जेरेमी बेलनसन यांनी तोवर झालेल्या अनेक प्रयोगांचे निकाल एकत्र करून २०१६ मध्ये विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात प्रेझेन्सवर जास्त परिणाम करणाऱ्या तीन गोष्टी पुढे आल्या: शरीराच्या हालचालीचं ट्रॅकिंग, दोन डोळ्यांना वेगवेगळं चित्र देणारी त्रिमिती, आणि दृष्टिक्षेत्राची रुंदी, म्हणजे एका वेळी किती अंशांपर्यंतचं चित्र दिसतं ते. चित्राचा आणि आवाजाचा दर्जा त्यांच्या मागे.

आमचा अनुभवही तोच. ३६० अंशांच्या फोटोत लोक मान फिरवतात, 'वा' म्हणतात आणि दोन मिनिटांत हेडसेट काढून देतात, कारण पुढे झुकलं तरी भिंत जवळ येत नाही. तोच फ्लॅट साध्या करड्या रंगाच्या थ्रीडी मॉडेलमध्ये दाखवला, पण झुकणं, वाकणं, बाजूला सरकणं सगळं टिपलं जात असेल, तर माणूस ओट्याखाली वाकून सिलिंडरची जागा बघतो. खिडकीबाहेर डोकं काढू पाहतो. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये दाखवलेल्या हेडसेटमध्ये तर नुसत्या रेषांनी काढलेल्या आकृत्या होत्या, पण डोकं हललं की त्या बदलायच्या. सगळी कल्पना तिथेच होती.

लेटन्सी इतकी महत्त्वाची का?

मान वळवणं आणि त्यानुसार बदललेलं चित्र डोळ्यापर्यंत पोचणं, यांतला वेळ म्हणजे लेटन्सी. खऱ्या जगात हा प्रश्नच नसतो. मान डावीकडे वळते तेव्हा नजर स्थिर ठेवण्यासाठी डोळे उजवीकडे फिरतात, आणि कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या अवयवाकडून आलेला हा हुकूम सुमारे १० मिलिसेकंदांत अमलात येतो. मेंदूला या शिस्तीची जन्मभराची सवय.

आता हिशोब करा. सहज वळून पाहतानाही मान सेकंदाला १०० अंश वेगाने फिरू शकते. लेटन्सी ५० मिलिसेकंद असेल तर त्या क्षणी दिसणारं चित्र ५ अंशांनी मागे असतं. हात लांब करून अंगठा उभा धरला की त्याची रुंदी साधारण २ अंश भरते. म्हणजे सगळी खोली अडीच अंगठे मागे रेंगाळते आणि मान थांबली की धावत येऊन जागेवर बसते. भिंती तरंगल्यासारख्या वाटतात तो हाच प्रकार. २० मिलिसेकंदांच्या आसपास किंवा खाली ही लेटन्सी आणली तर बहुतेकांना ती जाणवत नाही, असा या क्षेत्रातला सर्वमान्य आकडा आहे. हेडसेट त्यासाठी दोन युक्त्या करतात. मान पुढच्या क्षणी कुठे असेल याचा अंदाज बांधून चित्र आधीच तयार ठेवतात, आणि पडद्यावर जाण्याआधी शेवटच्या क्षणी ते किंचित सरकवून घेतात. त्यामुळे संगणकाचा एखादा फ्रेम चुकला तरी जग जागेवर राहतं. फ्रेम चुकल्याचा परिणाम दिसतो तो जवळच्या वस्तूंच्या कडांवर, त्या थरथरतात.

७२, ९०, १२० हर्ट्झ. डोळ्याला खरंच कळतं का?

कळतं. हा आकडा म्हणजे रिफ्रेश रेट, पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो तो. पण त्यामागे आणखी एक आकडा लपलेला असतो आणि तो खोक्यावर सहसा छापत नाहीत: एक फ्रेम पडद्यावर किती वेळ उजळलेला राहतो.

९० हर्ट्झला एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे ११ मिलिसेकंद येतात. तेवढा सगळा वेळ चित्र पेटलेलं ठेवलं आणि मान १०० अंश वेगाने फिरत असेल, तर प्रत्येक फ्रेम डोळ्याच्या पडद्यावर १.१ अंशभर फरफटला जातो. एका अंशात २५ पिक्सेल असलेल्या हेडसेटवर ही २७-२८ पिक्सेलांची पुसट रेघ होते. मग रेझोल्यूशनचे पैसे कशाला मोजले? फ्रेम फक्त २ मिलिसेकंद उजळून उरलेला वेळ पडदा काळा ठेवला, तर फरफट ५ पिक्सेलांवर येते. मान फिरवतानाही दाराच्या पाटीवरचं नाव वाचता येतं.

ऑक्युलस या हेडसेट कंपनीचा २०१३ चा पहिला डेव्हलपर किट (अॅप बनवणाऱ्यांसाठीचा हेडसेट) आणि २०१४ चा दुसरा, हे दोन्ही वापरलेल्यांना हा फरक आठवत असेल. पहिल्यात ६० हर्ट्झचा एलसीडी, मान फिरवली की सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं. दुसऱ्यात ७५ हर्ट्झ आणि झटकन विझणारा पडदा. रिफ्रेश रेट फक्त १५ ने वाढला होता, पण चित्र उभं राहिलं.

मात्र पडदा असा उघडझाप करू लागला की लुकलुक जाणवण्याचा धोका येतो, आणि डोळ्याच्या कडेचा भाग लुकलुकीला जास्त संवेदनशील असतो. म्हणून ९० हर्ट्झ किंवा वर जावं लागतं. मायकेल अॅब्रॅश व्हॉल्व्ह या गेम कंपनीत असताना जानेवारी २०१४ मध्ये त्यांनी प्रेझेन्ससाठी लागणाऱ्या गोष्टींची यादी मांडली होती. त्यात ९५ हर्ट्झ, ३ मिलिसेकंद किंवा कमी उजळणं आणि २० मिलिसेकंद लेटन्सी होती. रेझोल्यूशनबद्दल अपेक्षा होती ती प्रत्येक डोळ्याला १०८०पी, म्हणजे साध्या फुल एचडी टीव्हीएवढी, बस्स.

म्हणजे रेझोल्यूशनचा काही उपयोगच नाही?

वाचायचं असेल तर सगळा उपयोग तिथेच आहे. फक्त एकूण पिक्सेल मोजू नका, एका अंशात किती पिक्सेल बसतात ते पाहा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ६/६ नजर ठरते ती साधारण अंशाला ६० पिक्सेल एवढ्या बारकाव्याची. मेटा क्वेस्ट ३ (२०२३) मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ × २२०८ पिक्सेल आहेत, पण ते सुमारे ११० अंशांवर पसरल्यामुळे अगदी मध्यभागीही अंशाला २५ च्याच आसपास मिळतात. चष्म्याच्या भाषेत ही नजर साधारण ६/१५ झाली. १०० अंशांवर ६० चा आकडा गाठायचा तर प्रत्येक डोळ्याला नुसत्या आडव्या रांगेत ६००० पिक्सेल हवेत.

मराठी मजकुराला हे जास्तच नडतं आणि इंग्रजी टेम्प्लेटवर काम करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. रोमन अक्षर चार पिक्सेल गमावून ओळखू येतं. देवनागरीत अनुस्वाराचा टिंब गेला की शब्दच बदलतो. रफार, उकार, जोडाक्षरातला अर्धा वर्ण, सगळं शिरोरेषेच्या वर-खाली अगदी थोड्या जागेत कोंबलेलं. अक्षराची उंची १ अंश ठेवली तर क्वेस्ट ३ वर अनुस्वाराला जेमतेम ३ पिक्सेल मिळतात. १ अंश म्हणजे २ मीटरवर साडेतीन सेंटीमीटर. आम्ही त्याच्या दीडपट खाली जात नाही आणि बारीक टोकांचे फॉन्ट वापरत नाही. जुन्या, अंशाला दहा-पंधरा पिक्सेल देणाऱ्या हेडसेटसाठी मजकूर लिहूच नये, आवाजात सांगावं.

पूर्वी पिक्सेलांमधल्या काळ्या फटींची जाळीही दिसायची, खिडकीला मच्छरदाणी लावल्यासारखी. आता ती तक्रार जवळजवळ संपली आहे.

दृष्टिक्षेत्र जास्त असलेलं केव्हाही चांगलंच ना?

प्रेझेन्ससाठी हो. पोटासाठी नेहमीच नाही.

दादरला थांबलेल्या लोकलमध्ये बसलेले असताना शेजारची गाडी सुटली आणि आपलीच सुटली असं वाटलं, हा अनुभव मुंबईत कुणाला नाही? डोळ्याच्या कडेने मोठा भाग एका दिशेने सरकताना दिसला की मेंदू निष्कर्ष काढतो: आपण हललो. वरळीच्या नेहरू तारांगणात घुमटभर आकाश फिरू लागलं की खुर्ची कलल्यासारखी वाटते तेही यामुळेच. तिथे ना त्रिमिती, ना हेडसेट. नजरेच्या कडा भरून टाकणारं चित्र पुरतं.

दोन्ही डोळ्यांनी मिळून माणसाला आडवं साधारण २०० अंश दिसतं. आजचे बहुतेक घरगुती हेडसेट १०० ते ११० च्या घरात आहेत, म्हणजे अर्धंच जग. २००२ मधल्या एका प्रयोगात ६०, १००, १४० आणि १८० अंश असं क्षेत्र वाढवत नेलं. प्रेझेन्स वाढला, त्याच्याबरोबर मळमळही वाढली, आणि १४० च्या पुढे दोन्हींत फारसा फरक पडेनासा झाला. उलट २०१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात अजॉय फर्नांडिस आणि स्टीव्हन फायनर यांनी चालण्याच्या वेगाप्रमाणे कडा हळूच काळ्या करत नेल्या, तेव्हा लोकांना त्रास कमी झाला. बहुतेकांच्या ते लक्षातही आलं नाही. आम्ही ही युक्ती वॉकथ्रूमध्ये कायम चालू ठेवतो.

हेडसेटमध्ये पाहिलेला हॉल खरा तेवढाच मोठा असतो का?

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि खरं तर पैशाशी थेट निगडित प्रश्न हाच. मॉडेल नकाशाबरहुकूम असेल तर हॉल त्यात तेवढाच असतो. तुम्हाला तेवढाच वाटेल याची मात्र खात्री देता येत नाही.

आभासी जगात अंतरं कमी भासतात हे वीस-पंचवीस वर्षं पुन्हा पुन्हा दिसून आलं आहे. चाचणी सोपी असते. एक खूण दाखवायची, मग काहीच दिसू द्यायचं नाही आणि तिथपर्यंत चालत जायला सांगायचं. खऱ्या खोलीत लोक जवळजवळ अचूक पोचतात, हेडसेटमध्ये अलीकडेच थांबतात. रेबेका रेनर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये घेतलेल्या आढाव्यात सरासरी अंदाज खऱ्या अंतराच्या ७४ टक्के भरला होता. नव्या हेडसेटमध्ये परिस्थिती सुधारली आहे. जोनाथन केली यांनी २०२२ मध्ये ६१ शोधनिबंधांतली आकडेवारी एकत्र केली. दृष्टिक्षेत्र जास्त आणि रेझोल्यूशन जास्त, तिथे अंदाज खऱ्याच्या जवळ. हेडसेट जड, तिथे अंदाज आखूड. हो, वजनही. डोक्यावर काय बांधलंय याची मान सतत आठवण करून देत असते.

इथे सुरुवातीला सांगितलेला फरक पुन्हा कामाला येतो. तुम्ही त्या फ्लॅटमध्ये 'आहात' असं शंभर टक्के वाटत असतानाच त्याची लांबी तुम्ही चुकीची जोखत असू शकता. भास पक्का आहे म्हणून माप पक्कं, असं होत नाही.

आणि मग डोळ्यांची उंची. जमिनीवरची वस्तू किती लांब आहे हे मेंदू बऱ्याच अंशी एका त्रिकोणातून काढतो: माझे डोळे जमिनीपासून इतके वर, वस्तू नजरेच्या रेषेखाली इतक्या अंशांवर, म्हणजे अंतर इतकं. यातली पहिली बाजू तो स्वतःच्या शरीरावरून गृहीत धरतो. समजा तुमच्या डोळ्यांची उंची १५५ सेंटीमीटर आहे आणि वॉकथ्रूमधला कॅमेरा १४० वर ठेवला. जमिनीवरची प्रत्येक गोष्ट क्षितिजाच्या किंचित जवळ सरकते आणि त्रिकोणाच्या हिशोबाने सगळं सुमारे ११ टक्के लांब निघतं. १२ फुटांचा हॉल १३ फुटांच्या पुढे. एकही भिंत न हलवता! हे नेहमी कुणी मुद्दाम करतं असं नाही. पाहुण्याला सोफ्यावर बसवून उभ्या माणसाच्या उंचीचं दृश्य दाखवलं की उलटी गडबड होते आणि खोली आखडते.

फर्निचर हा वेगळाच विषय. साडेपाच फुटी पलंग, सव्वा फूट खोल कपाट, दीड फूट रुंद सोफा, अशी 'तयार' मॉडेल्स बाजारात भरपूर मिळतात. ती ठेवली की मास्टर बेडरूममध्ये नाचायला जागा होते.

तेव्हा सेल्स ऑफिसात हेडसेट हातात आला तर असं करा. उभं राहून बघा आणि जमिनीची पातळी समोर बसवून घ्या. आभासी दाराशी जा. दार किती उंच वाटतं ते स्वतःच्या डोक्याशी ताडून पाहा. पलंगाचं माप विचारा, सेल्समनने 'स्टँडर्ड साइज' म्हटलं तर इंचांत विचारा. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत पावलं टाकता येत असतील तर टाका, कारण पावलं डोळ्यांपेक्षा प्रामाणिक असतात. हेडसेटमध्ये पाहून हॉल आवडला तर उत्तमच. पण सही करायची ती करारातला कार्पेट एरिया आणि महारेराच्या साइटवरची प्रकल्पाची नोंद बघून. घरी जाऊन टेपने स्वतःच्या हॉलचं माप घेतलं तर नकाशातले आकडेही बोलायला लागतात.

आयपीडी लावून घ्या म्हणतात. तो नाही लावला तर?

दोन बाहुल्यांच्या मध्यांमधलं अंतर म्हणजे आयपीडी. मोठ्या माणसांत सरासरी ६३ मिलिमीटर, पण पन्नासच्या थोडं वरपासून पंचाहत्तर मिलिमीटरपर्यंत असू शकतं. भिंगं तुमच्या बाहुल्यांसमोर आली नाहीत तर चित्र कडेला धूसर होतं आणि डोळ्यांवर ताण येतो. शिवाय दोन चित्रं तुमच्या डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जास्त अंतर ठेवून घेतलेली असतील तर सगळं जग खेळण्यातल्यासारखं छोटं भासतं.

के स्टॅनी आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट निघाली. बायकांना व्हीआरचा त्रास जास्त होतो असं म्हटलं जायचं. त्याचं मुख्य कारण हेडसेटचा आयपीडी त्यांना न बसणं हे होतं. क्वेस्ट २ आणि ३एसमध्ये भिंगं ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागी थांबतात. चष्म्याच्या दुकानात आयपीडी मोजून मिळतो. कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

मला खंडाळ्याच्या घाटात गाडी लागते. व्हीआर जमेल का?

जमेल, पण बेताने. गाडी लागते तेव्हा शरीराला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते. व्हीआरमध्ये उलटं: डोळे पळतायत आणि कान म्हणतो, मी तर उभा आहे. म्हणून जॉयस्टिक ढकलून 'चालवणारे' अनुभव टाळा. स्वतःच्या पायांनी चालणं किंवा एका जागेवरून दुसऱ्या जागी थेट उडी घेणं, ही पद्धत निवडा. रोलर कोस्टर नको. तोंडाला पाणी सुटलं, कपाळाला घाम आला की 'अजून एक मिनिट' न करता लगेच काढा. सरावाने त्रास कमी होतो, पण सहन करत राहून होत नाही. थांबत थांबत होतो. काढल्यावर लगेच बाइकला किक मारू नका.

अर्ध्या तासाने डोळे जड होतात. पडदा इतका जवळ असल्यामुळे का?

पडदा जवळ असला तरी भिंगांमुळे डोळ्याला तो साधारण दीड-दोन मीटरवर असल्यासारखाच फोकस करावा लागतो. अडचण ही की तो फोकस तिथेच खिळलेला असतो. आभासी कप तुम्ही नाकासमोर धरलात की दोन्ही डोळे आत वळतात आणि फोकस मात्र दोन मीटरवरच राहतो. खऱ्या जगात या दोन क्रिया जोडीने होतात. ही जोडी तोडली की थकवा येतो आणि त्रिमिती जुळवायला वेळ लागतो, हे डेव्हिड हॉफमन, मार्टिन बँक्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं. उपाय अनुभव बनवणाऱ्याच्या हाती आहे: बघण्यासारख्या गोष्टी एक मीटरच्या पलीकडे ठेवायच्या. टाइल्सचा नमुना डोळ्याला लावून दाखवायचा सोस करू नये. तो हातात द्यावा, खरा.

मुलांना द्यावा का?

कंपन्यांनी वयं ठरवली आहेत: मेटा क्वेस्टसाठी किमान १० आणि पालकांच्या देखरेखीतलं खातं, प्लेस्टेशन व्हीआर २ साठी १२, अॅपल व्हिजन प्रोसाठी १३. त्याखाली देऊ नका. लहान मुलांचा आयपीडी कमी असतो आणि हेडसेट त्यांच्या मापाचा बनलेलाच नसतो, एवढं कारण पुरेसं आहे.

ग्राफिक्स खऱ्यासारखे केले तर प्रेझेन्स वाढतो का?

संशोधन दोन्ही बाजूंनी बोलतं. वरच्या खड्ड्याच्याच प्रयोगात पॉल झिमन्स आणि अबिगेल पँटर यांनी २००३ मध्ये चित्राचा दर्जा बदलून पाहिला आणि फरक मिळाला नाही. खड्डा रेषांचा असो की पोत लावलेला, भीती तीच. २००९ मध्ये स्लेटर यांच्या गटाने मात्र हलणाऱ्या सावल्या आणि प्रतिबिंबं घातली तेव्हा लोकांची प्रतिक्रिया तीव्र झाली. आमचं मत असं की नुसता पोत सुंदर असून भागत नाही. तुमच्या हालचालीला जे उत्तर देतं ते कामाला येतं. आरशात स्वतःचं प्रतिबिंब हललं, हात पुढे केला आणि भिंतीवर त्याची छाया पडली, की झालं. क्लायंटला इटालियन मार्बल हवा असतो तो ब्रोशरसाठी.

अंधार काळा का दिसत नाही?

एलसीडीत काळ्या पिक्सेलांतूनही मागच्या दिव्याचा प्रकाश झिरपतो, त्यामुळे काळ्याच्या जागी राखाडी दिसतो. घारापुरीच्या लेण्यांसारखी जागा दाखवायची, तर आतला काळोख आणि त्यातून हळूहळू उमटणारे चेहरे हाच सगळा अनुभव. एलसीडीवर तिथे धुकं पसरल्यासारखं वाटतं. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो, म्हणून काळं खरंच काळं. त्याची खोड वेगळी: पूर्ण विझलेला पिक्सेल पेटायला क्षणभर उशीर करतो आणि मान फिरवताना काळ्या भागाची शेपटी मागे राहते. जुन्या फ्रेनेल भिंगांवर (गोल गोल खाचा असलेल्या), काळ्यावर पांढरी अक्षरं ठेवली की प्रकाशाच्या रेघा फुटतात. नव्या, चपट्या पॅनकेक भिंगांत त्या बऱ्याच कमी झाल्या, पण ही भिंगं बराचसा प्रकाश खाऊन टाकतात.

आमची खोली दहा बाय दहाची. चालेल?

चालेल. चालत फिरण्यासाठी साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा मागतात. पलंग भिंतीला सरकवला की बहुतेक घरांत तेवढी निघते. जागेपेक्षा इतर गोष्टी जास्त नडतात. हेडसेटचे कॅमेरे खोलीतल्या कडा आणि ठिपके ओळखून आपली जागा ठरवतात, म्हणून आरशाचं वॉर्डरोब त्यांना फसवतं आणि कोरी पांढरी भिंत त्यांना काहीच सांगत नाही. आरशावर चादर टाका, भिंतीवर कॅलेंडर लावा. दिवा हवा, अंधारात ट्रॅकिंग सुटतं. सेटिंगमध्ये ५० आणि ६० हर्ट्झचा पर्याय असेल तर ५० निवडा, आपल्या विजेची ती वारंवारता आहे. पंखा खाली असेल तर हात वर नेणारे खेळ नकोत.

जून ते सप्टेंबर भिंगांवर वाफ धरते. एसीतून बाहेर आणल्यावर हेडसेट पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा. आणि खिडकीत भिंगं उन्हाकडे करून कधीच ठेवू नका. ऊन भिंगातून गोळा होऊन पडदा जळतो, आणि तो डाग जात नाही.

लोकलमध्ये किंवा बसमध्ये वापरता येईल?

नको. गाडीचा हेलकावा सेन्सरला तुमची हालचाल वाटतो आणि जग भरकटतं. काही हेडसेटमध्ये प्रवासासाठी वेगळा मोड असतो, पण विमानाचं सरळ उड्डाण वेगळं आणि कुर्ल्याच्या सांध्यांवरची गाडी वेगळी. मोबाइल सांभाळायचा असतो ते निराळंच.

सोसायटीच्या कार्यक्रमात किंवा प्रदर्शनात लोकांना दाखवायचं आहे. काय काळजी घ्यावी?

रांग लागली की मांडणारे घाई करतात आणि हेडसेट नुसता डोक्यावर थापतात. मग अर्ध्या लोकांना धूसर दिसतं आणि ते 'काही खास नाही' म्हणून जातात. प्रत्येकाला मिनिटभर द्या: आधी मागचा पट्टा डोक्याच्या खालच्या बाजूला बसवा, मग हेडसेट चेहऱ्यावर वर-खाली सरकवत अक्षरं ठळक होतील तिथे थांबवा, मग आयपीडी. चष्मा असेल तर काढायला लावू नका. चष्म्यासाठीची पट्टी असेल तर ती घाला आणि दृष्टिक्षेत्र थोडं कमी होईल हे मान्य करा. आजी-आजोबांना खुर्चीत बसवा आणि जमिनीची पातळी बसल्या उंचीला पुन्हा लावा. पहिला अनुभव स्थिर जागेचा ठेवा, कड्यावरून खाली पाहण्याचा नको. शेजारी एक माणूस उभा हवा, पण त्याने न विचारता खांद्याला हात लावू नये. आत असलेला माणूस दचकतो. दोन जणांच्या मध्ये कपाळाची गादी पुसा, आणि भिंगांना मात्र सॅनिटायझर लावू नका, त्यांच्यावरचा थर खराब होतो. कोरडं मायक्रोफायबर कापड, मधून कडेकडे, हलक्या हाताने.